रशियन स्वयंपाकघरातील उपासाचे ताट

रशियन जेवण म्हटले की मांसाचे रस्से, खारवलेले मासे आणि बाहेर साचलेले बर्फ असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वैद्यकीय शिक्षणासाठी मुलगा किंवा मुलगी रशियाला निघाली की शाकाहारी मराठी घरात पहिली काळजी जेवणाची असते आणि बॅगेत भाजणी, मेतकूट, लोणचे यांची भर पडत जाते. ही काळजी अगदीच निराधार नाही. तथापि ज्या देशातील श्रद्धाळू माणसे परंपरेने वर्षातील सुमारे २०० दिवस मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करीत आली, त्या देशाच्या घरगुती स्वयंपाकात शाकाहारी पदार्थांची वाण असणे शक्य नाही. हे पदार्थ कोठे शोधायचे, एवढेच ठाऊक असावे लागते. त्यांचा पत्ता रशियाच्या पंचांगात सापडतो.

उलटा उपास

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपासाला ‘पोस्त’ म्हणतात. ईस्टरपूर्वीचा मोठा पोस्त सात आठवड्यांचा असतो. उन्हाळ्यात ११ जुलैपर्यंत चालणारा प्रेषितांचा पोस्त, १४ ते २७ ऑगस्टचा मेरीमातेचा पोस्त आणि २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी असा ख्रिस्तजन्मापूर्वीचा ४० दिवसांचा पोस्त हे आणखी तीन. शिवाय काही आठवडे सोडले तर प्रत्येक बुधवार आणि शुक्रवार उपासाचाच. या सर्वांची बेरीज वर्षाच्या निम्म्याहून अधिक होते.

मराठी माणसाला उपास नवा नाही. पण येथे सारा हिशेब उलटा आहे. आपल्याकडे एकादशीला धान्य वर्ज्य आणि दूध, दही, तूप चालते. रशियन पोस्तात दूध, लोणी आणि अंडे वर्ज्य, तर धान्य, डाळी, भाज्या, आळंबी आणि तेल ताटात येते. त्यामुळे आपल्या उपासाने साबुदाणा, वरी आणि शेंगदाणा यांचे पदार्थ घडवले, तर त्यांच्या उपासाने भाकरी, लापशी, आंबवलेली कोबी आणि आळंब्यांचे सार घडवले. सूर्यफुलाच्या तेलाला रशियन बोलीत आजही ‘उपासाचे तेल’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे तेल स्वस्त आणि मुबलक होण्यापूर्वी तेथे भांगेचे आणि जवसाचे तेल वापरले जाई.

उपासाची ही शिस्त किती खोल रुजलेली होती याची एक साक्ष महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी चौल बंदरात उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि पुढे बिदरला गेला. रेवदंड्याला त्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभा आहे. वाटेत लूटमार झाली त्यात त्याचे धर्मग्रंथही गेले. त्यामुळे ईस्टर कधी आणि पोस्त कधी हे कळेनासे झाले, याची खंत त्याने आपल्या प्रवासवर्णनात पुन्हा पुन्हा नोंदवली आहे. तरीही अंदाजाने दिवस मोजून तो उपास करीत राहिला. येथे घोड्यांना हरभरे आणि साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, हेही त्याने कुतूहलाने लिहून ठेवले आहे.

उतरत्या आचेची भट्टी

या स्वयंपाकाचे दुसरे सूत्र म्हणजे ‘पेच’, अर्थात विटांची भलीमोठी घरगुती भट्टी. ती दिवसातून एकदा, पहाटे पेटवली जाई. लाकडे जळून गेली की निखारे बाजूला सारायचे आणि साठलेल्या उष्णतेवर स्वयंपाक करायचा. आच प्रखर असताना भाकरी भाजायची, ती उतरू लागली की धान्याची आणि साराची मडकी आत सरकवायची. खळखळून उकळणे जवळजवळ नाहीच. अन्न तासन्‌तास मंद उष्णतेत मुरायचे. आपल्याकडे चुलीच्या वैलावर ठेवलेली आमटी जशी मुरते, तसाच हा प्रकार. घरी हा परिणाम साधायचा तर जाड बुडाचे पातेले, घट्ट झाकण आणि मंद आच एवढे पुरेसे आहे.

न्याहारी : काशा आणि ब्लिनी

रशियन न्याहारीचा कणा म्हणजे ‘काशा’, म्हणजे शिजवलेल्या धान्याची लापशी किंवा मोकळा भात. मुलांना दुधातली रव्याची काशा किंवा ओट्सची काशा देतात; पण घरोघरचे लाडके धान्य आहे ‘ग्रेच्का’, म्हणजेच उत्तर भारतात नवरात्राला खातात तो कुट्टू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कुट्टू हे तृणधान्य नव्हे. म्हणूनच तो भारतात उपासाला चालतो. दोन देशांच्या दोन उलट्या उपासांत समान असा हा एक दाणा आहे.

काशासाठी सोललेला अख्खा कुट्टू एक वाटी घ्यावा. आपल्याकडे तो बहुधा कच्चा, फिकट हिरवट मिळतो. तो कोरड्या कढईत मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत भाजून घ्यावा. दोन वाट्या पाणी उकळून त्यात मीठ आणि भाजलेला कुट्टू घालावा, घट्ट झाकण ठेवून आच अगदी मंद करावी. पंधरा-वीस मिनिटे झाकण काढू नये आणि ढवळू तर मुळीच नये. ढवळल्याने दाणे मोडतात आणि पिठूळ गोळा होतो. पाणी आटले की पातेले जाड टॉवेलात गुंडाळून अर्धा तास ठेवावे. भट्टीतल्या उतरत्या आचेचे काम हा टॉवेल करतो. एरवी वर लोणी, उपासाच्या दिवशी तेलात परतलेला कांदा आणि आळंबी. होय, या उपासाला कांदा चालतो.

सणाची न्याहारी म्हणजे ‘ब्लिनी’. मोठ्या पोस्तापूर्वीच्या आठवड्याला ‘मास्लेनित्सा’ म्हणतात. त्या आठवड्यात मांस बंद झालेले असते, पण दूध, लोणी, अंडी अजून चालतात. ती संपवण्यासाठी घरोघरी ब्लिनींच्या चळती रचल्या जातात. जुन्या पद्धतीच्या ब्लिनी आंबवलेल्या पिठाच्या असतात, त्यामुळे आंबोळी करणाऱ्या हाताला त्या अवघड नाहीत. बिनअंड्याच्या ब्लिनीसाठी एक वाटी कुट्टूचे पीठ आणि एक वाटी मैदा घ्यावा. त्यातील अर्धे पीठ, एक वाटी कोमट पाणी, अर्धा चमचा यीस्ट आणि एक चमचा साखर एकत्र करून तासभर फुगू द्यावे. मग उरलेले पीठ, मीठ आणि घावनाच्या पिठाइतके सैल होईल इतके कोमट पाणी घालून पुन्हा फुगवावे. यानंतर जोराने ढवळू नये, नाहीतर जाळी नाहीशी होते. बिडाचा तवा चांगला तापवून त्याला काट्याला टोचलेल्या अर्ध्या कांद्याने तेल लावावे. ही युक्ती कोकणातील आणि रशियातील गृहिणींना सारखीच ठाऊक आहे. पहिली ब्लिनी नेहमी गोळा होऊन बिघडते, अशी रशियन म्हणच आहे. तेव्हा ती बिघडली तर नाउमेद होऊ नये.

पोस्त नसलेल्या दिवसांत ‘सिर्निकी’ करतात. ‘त्वोरोग’ नावाच्या आंबटसर मऊ पनीराच्या या लहान टिक्क्या. घट्ट दही मंद आचेवर, न उकळता, पाणी सुटेपर्यंत तापवून फडक्यात टांगले की त्वोरोग तयार होतो. पाव किलो त्वोरोगात दोन मोठे चमचे बारीक रवा, एक चमचा साखर आणि चिमूटभर मीठ घालून वीस मिनिटे ठेवावे. रशियात अंडे घालतात. येथे रवाच ओलावा शोषून मिश्रण बांधून ठेवतो. टिक्क्या मैद्यात घोळवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सोनेरी कराव्यात.

राईची भाकरी

रशियाच्या थंड आणि हलक्या जमिनीत गव्हापेक्षा राई हे धान्य अधिक भरवशाने येते, म्हणून शतकानुशतके तेथील रोजची भाकरी काळी आणि आंबट राहिली. (आपल्या फोडणीतील राईशी या धान्याचा संबंध नाही.) हा आंबटपणा निव्वळ चवीचा नाही. राईच्या पिठाला गव्हासारखा चिकट ताण नसतो. शिवाय त्यातील विकरे भाजतानाही पिष्टाचे तुकडे करीत राहतात आणि भाकरीचा गर चिकट, ओलसर होतो. पीठ पुरेसे आंबट असले की या विकरांचा जोर कमी होतो. म्हणूनच नुसत्या यीस्टने राईची भाकरी चांगली होत नाही. तिला ‘झाक्वास्का’, म्हणजे आंबवलेले विरजण हवेच.

विरजणासाठी राईचे पीठ आणि पाणी पन्नास-पन्नास ग्रॅम कालवून झाकून ठेवावे. रोज त्यातील निम्मे काढून तेवढेच नवे पीठ-पाणी घालावे. पाच-सात दिवसांत त्याला आंबट फळासारखा वास येऊ लागतो आणि ते काही तासांत दुप्पट फुगते; मगच ते वापरावे. मुंबईच्या उकाड्यात ही क्रिया लवकर होते. बुरशी दिसली तर मात्र सर्व टाकून नव्याने सुरुवात करावी. भाकरीसाठी ५०० ग्रॅम राईचे पीठ, २०० ग्रॅम विरजण, सुमारे ४०० मिलिलिटर कोमट पाणी आणि १० ग्रॅम मीठ घ्यावे. हे पीठ मळायचे नसते. ओल्या हाताने कालवून तेल लावलेल्या साच्यात भरायचे असते. दोन-तीन तासांनी वर बारीक भेगा दिसू लागल्या की तापलेल्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर पंधरा मिनिटे आणि मग २०० अंशांवर चाळीस मिनिटे भाजावी. ती दुसऱ्या दिवशीच कापावी. गरम असताना कापली तर सुरीला गर चिकटतो.

‘बोरोदिन्स्की’ ही प्रसिद्ध भाकरी याच कुळातली. तिच्यात मळी आणि राईचे माल्ट असते आणि वर धणे पेरलेले असतात. १८१२च्या बोरोदिनो लढाईत पती गमावलेल्या स्त्रीने ती मठात प्रथम केली, अशी दंतकथा सांगतात; तिची आज प्रचलित असलेली कृती मात्र १९३०च्या दशकातील मॉस्कोची आहे.

रशियन घरात भाकरीचा तुकडा टाकून देणे आजही जड जाते. यामागे इतिहास आहे. जर्मन वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगार वगळता इतर नोकरदार, अवलंबित आणि मुले यांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम भाकरी मिळत असे आणि तिच्यातही धान्याखेरीज इतर भेसळ असे. उरलेल्या शिळ्या भाकरीपासून ‘क्वास’ हे आंबट पेय करण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. अन्न वाया न घालवण्याचा संस्कार दोन्हींत एकच आहे.

कोबी, बीट आणि शेपू

श्ची आणि काशा हेच आमचे अन्न, असे रशियन माणूस म्हणतो. श्ची म्हणजे कोबीचे सार. हिवाळ्यात ते आंबवलेल्या कोबीचे करतात. एक किलो कोबी बारीक चिरून त्यात एक किसलेले गाजर आणि २० ते २५ ग्रॅम मीठ घालावे, पाणी सुटेपर्यंत चुरावे आणि बरणीत दाबून भरावे. कोबी सतत स्वतःच्या पाण्याखाली राहिली पाहिजे. रोज स्वच्छ काडीने टोचून आतील वायू बाहेर काढावा. आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत ती आंबट होते. मग फ्रिजमध्ये ठेवावी. उपासाच्या श्चीसाठी सुकी आळंबी भिजत घालून त्याच पाण्यात उकळावी, त्यात तेलावर परतलेला कांदा, गाजर, बटाटा आणि शेवटी आंबट कोबी घालावी. बटाटा आधी शिजलाच पाहिजे, कारण आंबटात तो मऊ होत नाही. वरून शेपू भुरभुरावा. शेपूच्या वासाने नाक मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत; रशियन स्वयंपाकात मात्र कोथिंबिरीची जागा शेपूने घेतली आहे. श्ची दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते.

‘विनेग्रेत’ ही कोशिंबीर सर्वांत सोपी. उकडलेले बीट, बटाटा आणि गाजर यांच्या लहान फोडी, खारवलेली काकडी, आंबट कोबी, कांदा आणि सूर्यफुलाचे तेल. बिटाच्या फोडींना आधी वेगळे तेल चोळून घ्यावे. म्हणजे त्यांचा रंग इतरांना लागत नाही.

एक शब्द लक्षात ठेवावा

रशियाला जाणाऱ्या शाकाहारी माणसाच्या दृष्टीने या सर्वाचा व्यावहारिक अर्थ असा. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्यास समोर अंडे किंवा दुधाचा पदार्थ येऊ शकतो आणि साराला मांसाचा अर्क असू शकतो. ‘पोस्तनी’, म्हणजे उपासाचे, असे विचारल्यास मांस, दूध आणि अंडे यांच्याविना केलेला पदार्थ पुढे येतो. मोठ्या पोस्ताच्या दिवसांत अनेक उपाहारगृहे अशा पदार्थांची वेगळी यादीच ठेवतात. मात्र पोस्ताच्या काही ठरावीक दिवशी मासे चालतात, त्यामुळे माशांबद्दल स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

आणि जे कोठेही जाणार नाहीत, त्यांच्यासाठी कुट्टू, कोबी, बीट, शेपू, धणे आणि सूर्यफुलाचे तेल मंडईत आणि वाण्याकडे आहेच. राईचे पीठ तेवढे शोधावे लागेल. बाकी लागतो तो वेळ. विरजणाला आठवडा, कोबीला तीन दिवस, काशाला टॉवेलातला अर्धा तास. घाई केली की यातील एकही पदार्थ साधत नाही.