शेवटच्या डावाचा मानकरी

बेसबॉल आपल्याकडे कोणी खेळत नाही, मग त्यावर लेख कशाला, असे वर्गमित्रांनी मला विचारलेच. कारण घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या सामन्यात शेवटचे षटक माझ्याकडे आले आणि पाचव्या चेंडूवर चौकार जाऊन आम्ही हरलो. त्याआधीच्या तीन षटकांत मी नऊच धावा दिल्या होत्या, पण ते गावात कोणाला आठवत नाही. वडील म्हणाले, "शेवटी हरलातच ना?" त्यांचेही चुकले असे मला म्हणता येईना. एका चेंडूवरून माणसाची किंमत करावी की करू नये, याचा अमेरिकेतील बेसबॉलवाल्यांनी बराच खल केला आहे असे पुढे वाचनात आले, म्हणून हा प्रपंच.

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. प्रत्येक डावात तीन गडी बाद करायचे. चेंडू फेकणारा तो पिचर. क्रिकेटसारखी इथे षटके वाटून घेता येत नाहीत. एकच पिचर सतत फेकत राहतो, आणि एकदा त्याला बाहेर काढले की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. तो थकला की त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. आघाडी टिकवून शेवटचा डाव संपविणाऱ्याला 'क्लोजर' म्हणतात. त्याचे काम बहुधा एका डावाचे, म्हणजे तीन गडी बाद करण्याचे. पण सगळा सामना त्या तीन गड्यांवर अडलेला असतो.

या कामाचे माप कसे घ्यावे? १९५९ साली पिट्सबर्गच्या एल्रॉय फेस या रिलीफ पिचरने १८ सामने जिंकले, एकच हरला. आकडा डोळे दिपविणारा. पण त्यातले काही विजय असे, की आघाडी त्यानेच घालविली आणि मग त्याच्या फलंदाजांनी ती परत मिळवून दिली! जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडापत्रकाराला ते खटकले. त्याने 'सेव्ह' नावाचे नवे माप सुचविले आणि १९६९ पासून ते अधिकृत झाले.

माप आले, तशा त्याच्या पळवाटाही आल्या. तीन धावांची आघाडी आहे, शेवटचा डाव आहे, आणि पिचरने त्या डावात दोन धावा दिल्या, तरी सामना जिंकल्याने 'सेव्ह' मिळतेच. याउलट सातव्या डावात एका धावेची आघाडी, तिन्ही तळांवर प्रतिस्पर्धी उभे, एकही बाद नाही, अशा वेळी येऊन एकही धाव न देता तिघांना बाद करणारा आणि मग दुसऱ्याला जागा करून देणारा पिचर 'सेव्ह'विना घरी जातो. माझ्या मते सामना त्यानेच वाचविला.

दर नऊ डावांमागे किती धावा दिल्या, ही सरासरीही इथे फसवी ठरते. आधीच्या पिचरने तळावर सोडलेला खेळाडू रिलीफ पिचरच्या चेंडूवर घरी पोहोचला, तर ती धाव आधीच्याच्या खात्यात जाते. नव्याची सरासरी स्वच्छ! शिवाय हा वर्षभरात साठ-सत्तर डावच फेकतो. ६५ डावांच्या हिशेबात एका रात्रीच्या चार धावांनी सरासरी अर्ध्या धावेहून अधिक चढते. म्हणून एका मोसमावरून त्याला धीराचा किंवा भित्रा ठरविणे मला धाडसाचे वाटते. टॉम टँगो या अभ्यासकाने प्रत्येक प्रसंगाचे वजन मोजण्याची रीत काढली. सर्वसाधारण प्रसंगाचे वजन एक धरायचे आणि पिचर किती वजनाच्या प्रसंगी आला ते पाहायचे. दडपण मनात किती होते ते यातून कळत नाही. प्रसंग किती कठीण होता एवढे मात्र कळते.

आकड्यांच्या मोहाने काय होते त्याचा नमुना २०१६ चा. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने त्या मोसमात ४७ पैकी ४७ 'सेव्ह' मिळविल्या, सरासरी ०.५४. पण टोरांटोतील बाद फेरीच्या सामन्यात २-२ अशी बरोबरी असताना त्याला बोलावलेच नाही. परक्या मैदानावर क्लोजरला आघाडी मिळेपर्यंत राखून ठेवायचा, हा रिवाज. अकराव्या डावात दुसऱ्याच्या चेंडूवर तीन धावांचा फटका बसला आणि सामना गेला. ब्रिटन राहिला राखूनच. त्याच महिन्यात क्लीव्हलंडने अँड्र्यू मिलरला पाचव्या डावातसुद्धा उतरविले. ते पुढे अंतिम मालिकेपर्यंत गेले.

आता मारियानो रिव्हेरा. पनामातील मच्छीमाराचा मुलगा, न्यूयॉर्क यांकीजचा पिचर. २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा नावावर ६५२ 'सेव्ह', आणि बाद फेऱ्यांतील १४१ डावांत सरासरी ०.७०. पण २००१ च्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, नवव्या डावात २-१ अशी आघाडी असताना, त्याचीच एक फेक चुकली, बरोबरी झाली, आणि शेवटी लुईस गोन्झालेझचा एक मऊ फटका पुढे सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पडला. ॲरिझोना जिंकले. बॅटवर धड न बसलेला तो फटका! एवढ्यावरून रिव्हेरा दडपणाखाली डगमगला म्हणावे का? ती चुकीची फेक त्याच्या पदरी घालावीच लागेल. तो फटका घालवत नाही.

दोन वर्षांनी, १६ ऑक्टोबर २००३ रोजी, बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात बरोबरी असताना त्याला नवव्या डावात बोलावले. त्याने सलग तीन डाव फेकले, एकही धाव दिली नाही. अकराव्या डावात ॲरन बूनने षटकारासारखा चेंडू बाहेर भिरकावला आणि यांकीज जिंकले. रिव्हेरा धावत पिचरच्या उंचवट्यावर गेला आणि तिथेच मातीत कोसळला. विजय त्याच्या नावे लागला. 'सेव्ह'च्या रकान्यात मात्र त्या रात्री काहीच वाढले नाही.