वजन उचलायचंय? मग स्वतःचंच उचला!

दोस्तांनो, आज एक गंमत करू या. घरात वजनकाटा असेल तर तो जमिनीवर ठेवा. आधी त्याच्यावर नेहमीसारखे उभे राहा आणि आकडा लिहून घ्या. आता दोन्ही हातांचे तळवे काट्यावर टेका, पाय मागे लांब करा, पायाच्या बोटांखाली काट्याच्या उंचीचं एखादं जाड पुस्तक ठेवा (अभ्यासाचं नको, आई रागावेल!) आणि अंग फळीसारखं सरळ धरा. ताईला किंवा दादाला आकडा वाचायला सांगा.

तुमचं वजन ४२ किलो असेल, तर काटा साधारण २९ किलो दाखवेल. कोपरं वाकवून छाती खाली नेली, तर तो ३१च्या पुढे सरकेल. गुडघे टेकवले, तर २२-२३वर येईल. म्हणजे बघा, एक साधा जोर काढताना तुमचे हात बटाट्यांच्या अर्ध्या पोत्याइतकं वजन पेलत असतात! ना लोखंडी डंबेल, ना महागडी यंत्रं. जिमची सगळ्यात जुनी सामग्री आपण जन्मापासून अंगावर घेऊन फिरतोय. तिचं नाव आहे, आपलं शरीर.

साठ जोर आणि एक जोर

आता माझीच एक फजिती सांगतो. मी सातवीत होतो. वर्गात मला सगळे ‘ढब्बू’ म्हणायचे. धावण्याच्या शर्यतीत माझा नंबर कायम ठरलेला, शेवटून पहिला! उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे कोल्हापूरला गेलो, तेव्हा मामेभावानं पैज लावली, “तुला दहा जोर निघायचे न्हाईत.” मग काय, मी रोज माडीवर दार लावून जोर काढायला लागलो. चौथ्या दिवशी साठपर्यंत मजल गेली. छाती फुगवून मी त्याच्याबरोबर गल्लीतल्या तालमीत हजर!

तालमीत लाल मातीचा हौद, भिंतीला हनुमंताची तसबीर आणि एका कट्ट्यावर बसलेले वस्ताद. पांढऱ्या मिश्या, कानाचे पार कुस्करून मुटकुळं झालेलं. त्यांनी विचारलं, “किती काढतोस रं बाळा?”

“साठ!”

“साठ? झ्याक. आता एकच काढून दाव. पण मी सांगतो तसा.”

मी हात टेकले. ते म्हणाले, “कंबर वर आलीया, खाली घे.” घेतली. “आता पोट लोंबतंय, आवळ.” आवळलं. “आता सावकाश खाली जा. पाच मोजतो.” त्यांनी “दोन” म्हणेपर्यंत माझे हात थरथरले आणि मी नाकावर मातीत! मामेभाऊ खो खो हसला. वस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांनी त्यालाच दटावलं, “हसतोस काय? तू पयल्या दिवशी रडला हुतास.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू जे साठ काढतोस, ते जोर न्हवं. ती मान हलवणं झाली. चल, पायरीवर.”

तालमीच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर हात आणि खाली अंगणात पाय. तसे मला पाच निघाले, अगदी सरळ! आठवड्यानं त्यांनी मला मधल्या पायरीवर उतरवलं. मग खालच्या. मे महिना संपत आला तेव्हा एका संध्याकाळी ते म्हणाले, “आज पायरी न्हाई.” मी जमिनीवर हात टेकले, पाच मोजत खाली गेलो आणि वर आलो. एक जोर. फक्त एक! पण त्या एका जोराचा आनंद माझ्या त्या खोट्या साठांना कधीच झाला नव्हता. सुट्टी संपली तेव्हा मला चार निघत होते. पैज मी हरलोच. पण शाळेत परतल्यावर कुणी ‘ढब्बू’ म्हटलं, तरी पूर्वीसारखं रडू येईना.

वस्ताद नक्की करतात काय?

आज शहरांत ‘पर्सनल ट्रेनर’ हा शब्द फार ऐकू येतो. एका माणसाकडे लक्ष द्यायला एक शिक्षक. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. तालमीतला वस्ताद हेच तर करायचा. प्रत्येक पोराचं अंग वेगळं, हे तो ओळखून असायचा. कुणाला बैठका वाढवून द्यायच्या, कुणाला आज विश्रांती द्यायची, कुणाची चूक सांगायची आणि कुणाला नुसतं ‘शाब्बास’ म्हणायचं, हे त्याला नजरेनं कळायचं.

या नजरेची किंमत किती? खाशाबा जाधवांची गोष्ट आठवा. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल मातीत वाढला. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्याला मॅटवरच्या कुस्तीचा सराव नव्हता. तिथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्याला मॅटवरचे बारकावे शिकवले आणि खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला. मग चार वर्षं त्यांनी कसून तयारी केली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी चक्क आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले! हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी ब्राँझपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. मेहनत खाशाबांचीच, पण ती मेहनत योग्य वाटेवर ठेवणारी माणसंही त्यांना भेटली.

दुसरं उदाहरण मल्लखांबाचं. एरंडेल तेल लावून गुळगुळीत केलेल्या लाकडी खांबावर वजन कसलं उचलायचं? स्वतःचंच! बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. त्यांनी हा व्यायाम पुन्हा नावारूपाला आणला. त्याची कीर्ती आता कुठवर गेली आहे, माहीत आहे? २०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशांतली मुलंमुली तिथे खांबावर चढली!

दंड न वाढता ताकद कशी वाढते?

बऱ्याच मुलांची तक्रार असते, “महिनाभर व्यायाम केला, पण दंड काही फुगले नाहीत.” अरे, घाई कसली? आपल्या स्नायूत हजारो तंतू असतात. त्यांना ‘आवळा’ असा हुकूम मेंदूकडून नसांमार्फत जातो. व्यायामाची सवय नसते, तेव्हा त्यातले थोडेच तंतू एका वेळी कामाला लागतात, तेही गोंधळ घालत. गणपतीच्या मिरवणुकीत नवख्या लेझीम पथकाचं होतं ना, तसं! सराव झाला की सगळे एका तालात येतात. वयात येण्याआधी मुलामुलींची ताकद मुख्यतः अशी वाढते. दंडाचा घेर तेवढाच राहतो, पण काम जास्त होतं. स्नायूंचा आकार वाढायला पुढे वयात येतानाची संप्रेरकं हातभार लावतात. त्यामुळे सिनेमातल्या नटासारखं शरीर तेराव्या वर्षी दिसत नाही म्हणून खट्टू होऊ नका.

आणि हो, “जोर-बैठका काढल्या की उंची खुंटते” असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. नीट शिकून, बेताबेतानं केलेल्या व्यायामानं उंची थांबत नाही. उलट हाडं बळकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम करावा. यात मुलगे-मुली असा भेद नाही बरं का!

चला, करू या सुरुवात

आठवड्यातले तीन दिवस ठरवा. सोमवार, बुधवार, शुक्रवार चालेल. मधल्या दिवशी मनसोक्त खेळा. आधी पाच मिनिटं जागच्या जागी धावून अंग गरम करा. मग हे करा.

१) जोर : ‘पायरी’ची युक्ती वापरा. आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला किंवा न हलणाऱ्या भक्कम टेबलाला, मग पायरीला आणि शेवटी जमिनीवर. एका जागी सलग दहा नीट निघाले की एक टप्पा खाली उतरा. हे जमलं की तालमीतला खरा जोर शिका. त्यात कंबर उंच ठेवून सुरुवात करायची आणि छाती जमिनीलगत पुढे नेत मान वर काढायची.

२) बैठका : आधी खुर्चीसमोर उभे राहून सावकाश बसा आणि हात न लावता उठा. दहा वेळा. गुडघे आत झुकू देऊ नका. सोपं वाटलं की खुर्ची काढून टाका.

३) लोंबकळणं : बागेतल्या किंवा शाळेच्या मैदानावरच्या मजबूत दांडीला धरून नुसतं लटका. दहा सेकंदांपासून सुरुवात करा. पकड मजबूत झाल्याशिवाय अंग वर ओढायला जाऊ नका. दाराच्या चौकटीला किंवा पडद्याच्या दांडीला मात्र मुळीच लटकू नका!

४) फळी : कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ ठेवा. १५ सेकंद पुरेत. श्वास कोंडू नका. हळू आवाजात पाढा म्हणा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो आणि पाढाही पाठ होतो!

५) सूर्यनमस्कार : शेवटी पाच-सहा, सावकाश. सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्येही सुरू केले. नीट बघा, सूर्यनमस्कारात जोरही दडलेला आहे.

हे सगळं अर्ध्या तासात होतं. दोन नियम मात्र पक्के लक्षात ठेवा. पहिला, अजून दोन निघतील असं वाटत असतानाच थांबा. शेवटचे ओढूनताणून काढलेले जोरच कंबर दुखावतात. दुसरा, स्नायू थोडे दुखले तर ते चालतं, दोन दिवसांत बरं वाटतं. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि मोठ्यांना सांगा.

खायचं काय? डब्यातली भाजी-पोळी, भाकरी, उसळ, डाळ, दूध-दही, चालत असेल तर अंडी, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. आणि रात्रीची पुरेशी झोप. डब्यातल्या पावडरी आणि ‘झटपट बॉडी’ करून देणारी औषधं यांच्या वाटेला जाऊ नका. कुणी गुपचूप इंजेक्शन किंवा गोळ्या देऊ केल्या, तर तो कितीही पिळदार दंडांचा असो, तिथून सरळ घरी या आणि आईबाबांना सांगा. वाढत्या वयात अशी स्टेरॉइड्स हाडांची वाढ वेळेआधीच थांबवू शकतात. उंची खुंटते ती अशानं, जोरांनी नव्हे!

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलाला शिकवणीला घालताना आपण शिक्षकांची चौकशी करतो. व्यायामाच्या शिक्षकांचीही करा. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी आकडा विचारत नाही, हालचाल बघतो. दमलेल्या मुलाला चारचौघांत हिणवत नाही. तुम्ही बाजूला बसून बघितलेलं त्याला खटकत नाही. मुलाला दमा, हृदयाचा त्रास किंवा जुनी दुखापत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि शिक्षक ठेवणं परवडत नसेल, तर संध्याकाळची दहा मिनिटं तुम्हीच मुलाशेजारी उभे राहा. “कंबर खाली घे, पोट आवळ” एवढं सांगायला पदवी लागत नाही. जमलं तर तुम्हीही दोन बैठका काढा. मुलं ऐकतात त्यापेक्षा बघतात जास्त.

वहीचं शेवटचं पान

जाता जाता एक सांगतो. सुट्टी संपवून घरी परतलो, तेव्हा पंचाईत झाली. इथे वस्ताद कुठले? पहिल्याच दिवशी पाचवा जोर अर्ध्यातच बसला. मी रफ वहीच्या शेवटच्या पानावर ‘५’ लिहिला. मग कट्ट्यावरचे वस्ताद डोळ्यांसमोर आले. मी तो आकडा खोडला आणि ‘४’ लिहिला. पुढच्या आठवड्यात खरोखरीचा ‘५’ लिहिता आला, तेव्हा तो दोनदा गिरवला!

तुम्हीही आज वहीचं शेवटचं पान उघडा. तारीख घाला. भिंतीला टेकून निघाले तेवढेच लिहा, एकही जास्त नको. एक निघाला तर एक. आणि एकही नाही निघाला, तर शून्य लिहा आणि परवा पुन्हा भिंतीपाशी या.