घरोघरी संगणक

इ. स. २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत निकोलस नेग्रोपाँटे यांनी, हाताने फिरवायचा दांडा बसविलेला आणि शंभर डॉलरांत प्रत्येक बालकास देता येईल असा संगणक मांडला, तेव्हा त्या कल्पनेच्या भव्यतेपुढे जमाखर्चाची वही उघडण्याचे भान फार थोड्यांना राहिले असावे. पुढे दांडा गळाला आणि किंमत दुपटीच्या घरात गेली. दिल्लीच्या शिक्षण खात्याने योजना नामंजूर केली, तरी कर्जत तालुक्यातील खैरातच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ही यंत्रे प्रयोगादाखल पोहोचलीच.

चिमुकल्या उरुग्वेने मात्र त्याच वर्षी कार्डाल या गावी आरंभ करून २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व विद्यार्थ्यांना संगणक दिले, ते घरी नेण्याची मुभा दिली, आणि, जे मला यंत्राहूनही मोलाचे वाटते, शाळाशाळांतून इंटरनेटची तजवीज केली. पेरूने लक्षावधी यंत्रे वाटली खरी. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जेथे इंटरनेट जवळजवळ नव्हतेच अशा ग्रामीण शाळांतील मुलांच्या गणितात वा भाषेत काडीचीही प्रगती आढळली नाही.