देव न मानणारे आणि ठाकूरदेवाचा डोंगर

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. माडिया गोंडांचा ठाकूरदेव इथला. दरवर्षी जानेवारीत त्याची यात्रा भरते. आसपासच्या गावांतून लोक येतात, हद्दीपलीकडच्या छत्तीसगडमधूनही येतात. देवाची पूजा होते, ढोल वाजतात आणि त्याच जागी ग्रामसभांचे लोक जंगलाच्या हक्कांवरही बोलतात. कारण या डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे. २००७ मध्ये ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला आणि गेली काही वर्षं तिथं जोरात खोदकाम चालू आहे. खाणीला विरोध करताना ग्रामसभा जी कारणं सांगतात, त्यांत ठाकूरदेवाचं ठाणं हे एक मोठं कारण आहे.

मी देव मानत नाही आणि या डोंगराच्या बाजूनं बोलतो. त्यावर हमखास विचारलं जातं, ‘नास्तिक असून देवासाठी कसं काय भांडता?’ या एका प्रश्नात नास्तिकतेबद्दलचे कितीतरी गैरसमज दडलेले आहेत.

गैरसमज : धर्म आहे म्हणून नास्तिकता आहे, धर्म गेला तर तीही जाईल.

वस्तुस्थिती : यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करायला हवं. नास्तिकांचे युक्तिवाद समोरच्या धर्माप्रमाणे घडतात. सुधारक आगरकर ज्या रूढींशी भांडले त्या पोथ्यापुराणांच्या होत्या, युरोपातल्या नास्तिकांसमोर जगाचा एकच निर्माता होता. पण न मानण्याची अवस्था काही त्या वादातून जन्माला येत नाही. ग्रीकांच्या झ्यूसचं नावही न ऐकलेला एटापल्लीचा माणूस झ्यूसला मानत नाही, आणि त्यासाठी त्याला ग्रीक धर्माची काही गरज पडलेली नाही. पुण्यामुंबईच्या बहुतेक आस्तिकांनी ठाकूरदेवाचं नाव ऐकलेलं नसतं. ते त्याला मानत नाहीत, म्हणून ते ठाकूरदेवाचे विरोधक ठरत नाहीत.

गैरसमज : नास्तिक म्हणजे धर्माबाहेरचा माणूस.

वस्तुस्थिती : या गैरसमजाचं उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीतच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली; दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपुरातही दीक्षेचा सोहळा झाला. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होते. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी जमणाऱ्या माणसांपाशी वंदना आहे, पंचशील आहे, विहार आहे; सृष्टी घडवणारा ईश्वर मात्र नाही. जैनांनीही असा कर्ता मानलेला नाही. फार काय, वेद शिरोधार्य मानणाऱ्या मीमांसकांनीसुद्धा जगाचा निर्माता नाकारला. देव नसलेला धर्म आपल्याकडे हजारो वर्षं नांदतो आहे.

गोंडांकडे पाहिलं की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. तिथं कुळं देवांच्या संख्येवरून ओळखली जातात : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एका संख्येची कुळं म्हणजे भावकी, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आता एखादा सात देवे पोरगा शिकला, नोकरीला लागला आणि देवबीव काही नाही म्हणू लागला, तरी त्याचं स्थळ बघताना घरचे सात देवे घर टाळणारच. त्याच्या मनात काय आहे हे तिथं कुणी विचारत नाही. तो कोणाचा आहे हे विचारतात. पंडुम या सणाचंही तसंच. पंडुम झाल्याशिवाय नवं पीक, नवं फळ तोंडात घालायचं नाही, हा गावाचा नेम. तो पाळणाऱ्याला आधी ‘तुझी श्रद्धा आहे ना?’ असं कुणी विचारून घेत नाही. धर्म म्हणजे आधी मनातली श्रद्धा, हे माप सगळ्या धर्मांना लागू पडतच नाही. म्हणून नास्तिकता हा धर्म आहे की नाही, हा वाद त्या मापानं सुटत नाही.

जनगणनेनं या बाबतीत मोठा घोळ करून ठेवला आहे. इंग्रजांच्या काळात आदिवासींच्या धर्माची नोंद वेगळी होत असे. स्वातंत्र्यानंतर ती सोय गेली. २०११ मध्ये लाखो गोंडांनी ‘इतर’मध्ये आपला धर्म गोंडी असा लिहिला, सरना हा आदिवासी धर्म लिहिणारे पन्नास लाखांच्या घरात होते. स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे मात्र देशभरात सुमारे ३३ हजार. हा आकडा दाखवून नास्तिक मूठभर आहेत असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. दारात आलेल्या प्रगणकाला कुटुंबप्रमुख जात-धर्म सांगून मोकळा होतो. घरातल्या प्रत्येकाचं मन त्या रकान्यात उतरत नाही.

गैरसमज : ‘देव नाही’ हाही एक विश्वासच.

वस्तुस्थिती : ‘मला पुरावा पटला नाही, म्हणून मी मानत नाही’ म्हणणारा वेगळा आणि ‘देव नाहीच’ असं ठामपणे सांगणारा वेगळा. दुसरा दावा करतो आहे, त्यानं कारणं द्यायलाच हवीत. पण दावा केला की धर्म झाला असं होत नाही. नास्तिकता एकाच प्रश्नाचं उत्तर देते. कसं जगावं, जमीन कोणाची, मुलीचं लग्न कसं करावं, यांपैकी कशाचंही उत्तर तिच्यात नाही. ती उत्तरं माणूस दुसरीकडून आणतो. आंध्रातले समाजसुधारक ‘गोरा’ यांनी १९४० मध्ये नास्तिक केंद्र काढलं आणि नास्तिकतेला जगण्याची रीत मानलं. त्यात अस्पृश्यतेविरुद्धचं काम त्यांनी स्वतः ओतलं होतं. गडचिरोलीत माओवाद्यांमुळे नास्तिक म्हणजे नक्षलवाल्यांच्या विचाराचा, असा संशय घेतला जातो. तोही नास्तिकतेला अख्खी विचारसरणी समजण्याच्या घोळातून आलेला. मार्क्सवाद ही इतिहासाची आणि मालकीहक्काची आखीव मांडणी आहे, देव नाकारणं हा तिचा एक तुकडा. देवाला रिटायर करा म्हणणारे डॉ. श्रीराम लागू तो तुकडा मान्य करत, म्हणून ते बंदुकीच्या बाजूचे ठरत नाहीत.

गैरसमज : श्रद्धेचा हक्क मानला की तिच्या नावावरचं सगळंच मानावं लागतं.

वस्तुस्थिती : मे २०२४ मध्ये याच एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आलं. अशा क्रौर्याला कोणत्याही श्रद्धेची ढाल मिळता कामा नये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा कुणाच्या देवाला हात लावत नाही, तो फसवणुकीवर आणि अघोरी प्रकारांवर बोट ठेवतो. त्याच्या बाजूनं उभं राहायला नास्तिक असावं लागत नाही.

गैरसमज : धर्मस्वातंत्र्य फक्त धर्म मानणाऱ्यांना.

वस्तुस्थिती : मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की कोणत्याही सरकारी अर्जावर ‘माझा कोणताच धर्म नाही’ असं लिहिण्याचा नागरिकाला अधिकार आहे. आधार होता राज्यघटनेचं कलम २५, तेच जे माडियांच्या उपासनेलाही संरक्षण देतं. न्यायालयानं नास्तिकतेला धर्म ठरवलं नाही आणि त्याची गरजही नव्हती. सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दोघांनाही पुरतं.

या स्वातंत्र्याचा आवाका ओडिशातल्या नियमगिरी डोंगरानं दाखवला. तिथल्या बॉक्साइट खाणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये त्या डोंगराचा देव नियमराजा खरोखर आहे का, याची तपासणी केली नाही. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचं काय करायचं, हे ग्रामसभांनी ठरवावं असा आदेश दिला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तो आदेश द्यायला न्यायाधीशांना नियमराजाचे भक्त व्हावं लागलं नाही, आणि मलाही ठाकूरदेवासाठी तसं व्हावं लागत नाही.

सूरजागडला मात्र वेगळंच घडलं. खाणीचं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याच्या प्रस्तावावर ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली, ती डोंगराखालच्या गावात नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली शहरात. ज्यांचा देव तिथं आहे आणि ज्यांचं रान तिथं आहे, त्यांच्या ग्रामसभांपुढे तो प्रश्न त्यांच्याच गावात, माडिया भाषेत, मांडला जायला हवा होता.