एकाच केसपेपरवरची दोन शास्त्रे

आमच्या काकूच्या गेली दोन वर्षे अंगावरून जात होते. हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने कोणी उच्चारीत नसे. मराठीत बायकांच्या दुखण्यांना शब्दांची वाण नाही; पण ते बहुतेक तोंडावर पदर घेतलेले. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे, अंगावर पांढरे जाते, पिशवी खाली आली. मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या माझ्यासारखीला एरवी या शब्दांची गंमत वाटली असती. काकूची मात्र दोन वर्षे या शब्दांच्या आडोशानेच गेली.

काकू दिंडोरीकडच्या गावी राहते, वय सत्तेचाळीस, दिवसभर द्राक्षबागेत काम. चालताना धाप लागू लागली, नखे पांढरीफटक दिसू लागली, तेव्हा काका तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. तेथे पाच मिनिटांत सांगण्यात आले, “मुले झाली आहेत ना? मग पिशवी काढून टाका.” काकू घाबरून घरी आली आणि शेजारणीच्या सल्ल्याने अशोकारिष्टाच्या बाटल्या आणून पिऊ लागली. शेवटी माझ्या आईने मला सांगितले, “तुला कॉलेजला सुट्टी आहे, तू तिला घेऊन जा.” अशा रीतीने, वैद्यकाचा कसलाही गंध नसताना, मी नाशकातल्या एका आयुर्वेद महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जाऊन बसले. पुढील पाच महिन्यांत तेथे जे पाहिले आणि विचारून घेतले, ते येथे मांडते आहे.

आयुर्वेदाचे शिक्षण नाशिकला नवे नाही. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय आहे हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. शिवाय १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावी आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, दंतवैद्यक या साऱ्यांच्या पदव्या हे एकच विद्यापीठ देते. विद्यापीठ एक असले तरी महाविद्यालये वेगळी, रुग्णालये वेगळी. ही शास्त्रे प्रत्यक्ष एकत्र येतात ती रुग्णाच्या केसपेपरवर.

काकूचा केसपेपर मी नीट वाचला. डाव्या बाजूला नाडी, मल, मूत्र, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक्, आकृती ही अष्टविध परीक्षा. उजव्या बाजूला रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन. निदानाच्या ओळीत ‘असृग्दर’ आणि त्याखाली ‘पाळीतील अतिरक्तस्राव, कारण शोधणे’. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदे सांगितली आहेत आणि प्रदराचे उपचारही त्याच अध्यायात येतात, असे एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने मला सांगितले. उदावर्तिनी नावाच्या व्याधीत पाळीच्या आधी तीव्र वेदना होतात आणि स्राव सुरू होताच बाईला आराम पडतो, हे निरीक्षण ऐकून तर मी थक्क झाले. आमच्या वसतिगृहातल्या निम्म्या मुली हेच सांगतात! गंमत म्हणजे काकूचे अशोकारिष्ट चरकात नाहीच. ते पुष्कळ नंतरच्या भैषज्यरत्नावलीतले. ‘आयुर्वेदात आहे’ असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्यात किती शतकांचे थर असतात, याचा आपल्याला पत्ता नसतो.

शिकवणाऱ्या रुग्णालयाची एक अडचणही आहे. रुग्णाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका असतो. पाच-सहा मुलगे-मुली वह्या घेऊन उभे राहिलेले पाहताच काकू टेबलावरून उठली आणि चपला शोधू लागली. विभागाच्या बाईंनी तिला अडवले नाही. “मावशी, कोणी थांबायचे ते तुम्ही सांगा,” असे त्या म्हणाल्या. मुलगे बाहेर गेले, दोन मुली राहिल्या. मग पडद्याआड काकू बोलू लागली आणि दोन वर्षांचे सारे अर्ध्या तासात सांगून मोकळी झाली. “दिवसाला किती कापडे बदलता?” या प्रश्नाला तिचे उत्तर होते, “मोजायला वेळ कोणाला हाय बाई?”

माझी समजूत अशी की येथे काढा मिळेल, पथ्य मिळेल आणि आम्ही परत जाऊ. तसे झाले नाही. बाईंनी आधी सोनोग्राफीची आणि रक्ताची चिठ्ठी दिली. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय, कर्करोग नाही अशी खात्री झाल्याशिवाय, मी एकही औषध चालू ठेवणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. त्या तपासणीसाठी आम्हांला आधुनिक वैद्यकाच्या रुग्णालयात पाठवले. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर ते थेंबभर असले तरी तपासायचे, ‘उष्णता झाली’ म्हणून सोडायचे नाही, हेही त्यांनी बजावले. आपल्या आया-मावश्यांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

अहवाल आले. हिमोग्लोबिन ६.८. पिशवीत दोन लहान गाठी, कर्करोग नाही. काकू एकटी नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. आणि पिशवी काढण्याचा सल्लाही तिला एकटीलाच मिळालेला नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत ऊसतोडीचा खाडा नको, खाड्याचा दंड नको, हेही त्यामागचे एक कारण होते. पिशवी काढणे काही वेळा अगदी आवश्यक असते, हे मी नाकारीत नाही. पण पाच मिनिटांत?

काकूला लोहाची इंजेक्शने आधुनिक डॉक्टरांनी दिली. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्याही त्यांच्याच. आयुर्वेद विभागाने आहार ठरवून दिला, पचनासाठी औषध दिले आणि जेवणाबरोबर चहा बंद केला, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. पुनर्नवा मंडूर मात्र त्यांनी मुद्दाम थांबवून ठेवला. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट, शुद्ध करून भस्म केलेला. एकावर एक दोन लोहे कशाला? आपण घरी नेमके उलटे करतो. गोळीही घ्यायची आणि काढाही प्यायचा, आणि एकाला दुसऱ्याचे सांगायचे नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईने रोज भरपूर ज्येष्ठमध घेतला तर रक्तदाब वाढू शकतो, हे मला तेथेच कळले.

शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडची एक बाळंतीण होती. तिची सासू शेगडीसाठी हटून बसली होती. बाईंनी तेलाचे मालीश, डिंकाचे लाडू, बाळंतकाढा हे सारे मान्य केले. कोंदट खोलीतली कोळशाची शेगडी आणि पाणी तोडणे या दोन गोष्टींना ठाम नकार दिला. कोळशाचा वायू आई-बाळाच्या जिवावर बेततो, हे सासूबाईंना समजावायला दोन दिवस लागले.

दोन शास्त्रे जोडावीत की वेगळी ठेवावीत, हा वाद जुना आहे. चोप्रा समितीने १९४८ साली समन्वयाची शिफारस केली, तर १९६३ साली व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमाची. १९७० च्या कायद्याने देशभर एक परिषद आली, अभ्यासक्रम एकसारखे झाले. वाद काही मिटला नाही. मला मात्र या साऱ्या समित्यांच्या आधीची एक मुलगी आठवते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवी घेतली. तेथे त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेली ही आई परदेशात बसून आपल्या ग्रंथांत बाळंतपणाविषयी काय आहे ते शोधीत होती. पुढच्याच वर्षी, बाविसावे पुरे होण्याआधी, त्या गेल्या.

पाच महिन्यांनी काकूचे हिमोग्लोबिन १०.९ झाले. मी बाईंना विचारले, “गुण कोणत्या औषधाचा?” मला वाटले, त्या आयुर्वेदाचे नाव घेतील. त्या म्हणाल्या, “लोहाच्या इंजेक्शनांचा बराचसा. बाकीचे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदम दिल्यावर एका रुग्णावरून कसे सांगणार? शंभर जणींच्या नोंदी नीट ठेवल्या, तर कोणी तरी सांगू शकेल.” इतके सरळ उत्तर मला अनपेक्षित होते. एकत्रित उपचारांच्या जाहिराती हल्ली जागोजागी दिसतात. त्यांत असे उत्तर मला कोठे वाचायला मिळालेले नाही.

गाठी अजून आहेत. दर सहा महिन्यांनी पाहायच्या, वाढल्या तर शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा करावा लागेल, हे काकूला माहीत आहे. परवा ती तपासणीला आली तेव्हा पिशवीतून घडी घातलेले कालनिर्णयाचे पान काढून तिने टेबलावर ठेवले. एकादशी-चतुर्थीच्या शेजारी पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, दिवसाला जितकी कापडे तितक्या. काही चौकटींत निळ्या शाईच्याही खुणा होत्या. त्या कसल्या, असे विद्यार्थिनीने विचारले.

“त्या सुनेच्या,” काकू म्हणाली. “तिचंबी तुमी बघा आता.”