टेस्ट राइड घ्या, पण तुमच्या रूटवर!

नवी बाइक घ्यायचीय? रविवारी शोरूममध्ये गेलात, तर गल्लीतली एक चक्कर मिळेल, बस्स! त्यापेक्षा आधी फोन करा आणि वीकडेला, ऑफिसच्याच वेळेला निदान अर्धा तास मागून घ्या. पुण्यात असाल, तर गाडी सरळ सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये घाला. क्लच जड आहे का, इंजिनाची धग पायाला लागते का, हे तिथेच कळतं. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेताय? वजन १९५ किलो, सीट ८०५ मिलिमीटर उंच. सिग्नलला पाय नीट टेकतात ना, बघा. मागे रोज बसणाऱ्यालाही सोबत न्या. हप्ते तुमचे असले, तरी कंबर त्याचीही आहे! लायसन्स आणि दोन हेल्मेट हवीतच. आणि राइडच्या आधी बुकिंगचे पैसे? अजिबात देऊ नका!