इंग्रजीतला राग कसा ओळखावा?

राग ही साऱ्या मानवजातीची सामाईक मिळकत आहे. परंतु ती खर्च करण्याची रीत प्रत्येक भाषेची निराळी. मराठी माणूस संतापला म्हणजे त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते, अंगाचा तिळपापड होतो, पित्त खवळते. एखाद्याचा राग तर सदा नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. पुराणांनी दुर्वास आणि जमदग्नी दिले, आणि घराघरांतून त्यांचे अवतार अजून होतच असतात. मातृभाषेतला हा ठेवा न शिकविता मिळतो. परभाषेचे तसे नसते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा गावी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घरची, बाजारातली आणि कचेरीतली अशा तीन भाषा सांभाळाव्या लागतात. बाजारातली हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कानडी कानावरून शिकली जाते आणि तिच्यातले भांडणही कानावरूनच येते. कचेरीतली इंग्रजी मात्र बहुतेकांकडे पुस्तकातून आलेली असते. आणि रागवावे कसे, हे पुस्तक सहसा शिकवीत नाही.

याचे परिणाम कधी विनोदी होतात, तर कधी पोटावर येतात. ‘साहेबांनी आज चांगलेच फायर केले’ असे एखादा कारकून सहज बोलून जातो. त्याला एवढेच म्हणायचे असते की साहेबांनी झापले. तेच वाक्य त्याने इंग्रजीत एखाद्या इंग्रजाला वा अमेरिकनाला सांगितले, तर ऐकणारा हळहळेल. कारण त्याच्या लेखी ‘फायर्ड’ म्हणजे नोकरीवरून काढून टाकलेला. ‘तुला बघून घेईन’ ही मराठीतली खणखणीत धमकी. पण तिचे शब्दशः ‘आय विल सी यू’ केले की ती निरोप घेण्याची साधी रीत होते. धमकी द्यावी आणि समोरच्याने हसून ‘जरूर भेटू’ म्हणावे, यापरते रागाचे दुसरे दुर्दैव कोणते!

इंग्रजीतल्या रागाच्या शब्दांची कुळकथा पाहिली तर त्यांचा स्वभाव थोडाफार कळतो. ‘अँगर’ हा शब्द इंग्लंडात उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. तेथे त्याचा अर्थ दुःख, क्लेश असा होता. दुःखाचा संताप पुढे झाला. ‘टेंपर’ या शब्दाची गोष्ट तर अधिक मनोरंजक आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे. प्राचीन युरोपीय वैद्यकाप्रमाणे शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असत. त्यांचे प्रमाण नीट जुळले म्हणजे माणसाचा ‘टेंपर’ ठीक, आणि पिवळे पित्त वाढले म्हणजे तो कोपिष्ट. म्हणून ‘टेंपर लूझ करणे’ म्हणजे हा समतोल गमावणे. पोलादाला पाणी देण्यालाही इंग्रजीत ‘टेंपर’ हाच शब्द आहे. पुढे काळाच्या ओघात अर्थ उलटला आणि टेंपर म्हणजेच राग असे झाले. ‘त्याला फार टेंपर आहे’ असे मराठीतही म्हणतात, तेव्हा समतोलाचा शब्द असमतोलासाठी वापरला जातो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. आयुर्वेदाची परंपरा निराळी. परंतु पित्त आणि कोप यांचे नाते दोन्हीकडे मानले गेले, ही साम्याची खूण मोठी मौजेची आहे.

‘मॅड’ या शब्दाने तर अटलांटिकच्या दोन तीरांना अनेकदा गोंधळात टाकले आहे. ब्रिटनमध्ये त्याचा पहिला अर्थ वेडा. अमेरिकेत रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ रागावलेला. स्कॉटलंडहून अमेरिकेत गेलेले विद्वान जॉन विदरस्पून यांनी १७८१ साली अमेरिकन बोलीच्या लकबींवर लेख लिहिले. त्यांनी नापसंती दर्शविलेल्या प्रयोगांत हाही एक होता. आक्षेप विरून गेला, शब्द टिकला. ‘लिव्हिड’ हा शब्द आज अतिशय संतापलेल्या माणसाला लावतात; पण त्याचे लॅटिन मूळ निळसर, शिशाच्या रंगाचे असे आहे, म्हणजे मुका मार बसल्यावर कातडीला येतो तो रंग. रागाच्या पायऱ्याही शब्दांनीच ठरतात. ‘अनॉइड’ म्हणजे त्रासलेला, ‘क्रॉस’ म्हणजे घरगुती, मुलांवर काढावा तेवढा राग, ‘अँग्री’ म्हणजे उघड राग, ‘फ्युरियस’ म्हणजे अनावर संताप आणि ‘लिव्हिड’ म्हणजे त्याहून वरची पायरी. विद्यार्थ्याला यांतला ‘अँग्री’ तेवढा ठाऊक असतो, आणि तो एकच शब्द त्याला सगळीकडे पुरवावा लागतो.

वाक्प्रचारांचा वर्ग याहून रंगतदार आहे. जॉर्ज लेकॉफ आणि झोल्टान कोव्हेचेश या भाषाशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात अमेरिकन इंग्रजीतल्या रागाच्या वाक्प्रचारांचा अभ्यास केला. त्यांतल्या फार मोठ्या भागामागे एकच चित्र आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ते चित्र म्हणजे बंद भांड्यात तापणारे द्रव. माणूस उकळतो, वाफ कोंडते, झाकण उडते. ‘लेट ऑफ स्टीम’ हा प्रयोग वाफेच्या एंजिनाकडून आला. ‘ब्लो अ फ्यूज’ विजेच्या युगाने दिला. ‘हिट द रूफ’ म्हणजे संतापाने थेट छपराला जाऊन भिडणे. ‘फ्लाय ऑफ द हँडल’ मात्र या भांड्यातला नव्हे. घाव घालताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून भिरकावले जाते, ते त्यातले चित्र आहे. मराठी माणसाला या चित्रांत परके वाटण्यासारखे थोडेच आहे. त्याचेही डोके तापते आणि रक्त उसळते.

तथापि येथेच परकीयाची पहिली चूक होते. ही धगधगती चित्रे बहुधा तिसऱ्याच्या रागाविषयी किंवा स्वतःच्या होऊन गेलेल्या रागाविषयी बोलताना वापरतात. ‘साहेबांनी छप्पर गाठले’ असे दुसऱ्या दिवशी मित्राला सांगतात. प्रत्यक्ष समोरासमोर, विशेषतः शिष्ट ब्रिटिश व्यवहारात, राग जसजसा वाढतो तसतशी भाषा थंड, नेमकी आणि अतिसभ्य होत जाते. ‘आय ॲम रादर डिसअपॉइंटेड’ याचे शब्दशः भाषांतर ‘माझी थोडी निराशा झाली आहे’ असे होईल. पण वरिष्ठाच्या तोंडी त्याचा भावार्थ पुष्कळदा ‘हे मुळीच खपवून घेणार नाही’ असा असतो. ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे आदरपूर्वक. परंतु त्यापुढे येणारे वाक्य आदराचे क्वचितच असते, आणि त्याचे ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ झाले की मतभेद टोकाला गेला असे समजावे. ‘आय बेग युअर पार्डन’ हे स्वर चढवून म्हटले तर ‘ऐकू आले नाही’. तेच सावकाश, एकेका शब्दावर जोर देऊन म्हटले तर ‘हे बोलण्याची तुमची हिंमत कशी झाली’. लंडनच्या ग्राहकाचे असे सौम्य शब्दांचे पत्र हैदराबादच्या कचेरीत किरकोळ म्हणून बाजूला ठेवले गेले, तर पुढचे पत्र वकिलाचे येण्याचा संभव असतो.

ही अतिसभ्यता मराठीला अनोळखी नाही. नेहमी ‘अहो’ म्हणणारी गृहिणी एकाएकी ‘आपण यावे, आपण बसावे’ असे बोलू लागली की घरधन्याने काय ते समजावे. पण मराठीत दुसरीही वाट आहे. भांडण विकोपाला गेले की माणसे ‘एकेरीवर येतात’. ‘तुम्ही’चे ‘तू’ होते, आणि त्या एका सर्वनामात सारा अपमान सामावतो. इंग्रजीतही एकेकाळी हे शस्त्र होते. १६०३ साली सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडणाऱ्या एडवर्ड कोक यांनी त्यांना भर न्यायालयात ‘दाऊ’ या एकेरी सर्वनामाने हिणविले. पुढे प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ नाहीसा झाला आणि राजाला व रंकाला एकच ‘यू’ उरला. सर्वनामाची ही धार गेल्यावर रागाने दुसऱ्या जागा शोधल्या. मुलावर संतापलेली इंग्रज आई त्याला लाडक्या नावाने न बोलाविता मधल्या नावासकट संपूर्ण नावाने हाक मारते. आणि मित्रावर चिडलेला माणूस त्याला औपचारिकपणे ‘मिस्टर’ लावतो.

रागाने व्याकरणातही घर केले आहे. ‘यू ऑल्वेज लूझ द कीज’ हे निदान वरवर पाहता वस्तुस्थितीचे कथन आहे; ‘यू आर ऑल्वेज लूझिंग द कीज’ यात मात्र बोलणाऱ्याचा वैताग ऐकू येतो. चालू काळाबरोबर ‘ऑल्वेज’ आले की बहुधा तक्रार उमटते. भारतीय वक्ता चालू काळ सढळ हाताने वापरतो. त्यामुळे त्याच्या मनात नसलेली तक्रार ऐकणाऱ्याला ऐकू येण्याचा धोका असतो. ‘आय टोल्ड यू’ हे साधे कथन. ‘आय डिड टेल यू’ यातल्या ‘डिड’वर जोर दिला की ‘बजावले होते ना!’ असा सूर लागतो. ‘विल यू सिट डाऊन’ ही विनंतीही असते आणि दरडावणीही. निवाडा फक्त आवाज करतो. म्हणून इंग्रजी राग डोळ्यांनी वाचून पुरत नाही, तो कानांनी शिकावा लागतो.

उरला शिव्याशापांचा प्रांत. इंग्रजीत पूर्वी सर्वांत जड शब्द देवाधर्माचे होते. १६०६ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा केला, की रंगभूमीवर ईश्वराचे नाव थट्टेने वा अनादराने उच्चारणाऱ्यास दहा पौंड दंड व्हावा. असे जड शब्द टाळण्यासाठी लोकांनी ‘गॉड’चे ‘गॉश’ केले आणि ‘डॅम’चे ‘डार्न’. १९१४ साली लंडनमध्ये बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या एलायझाने भर बैठकीत ‘ब्लडी’ हा शब्द उच्चारला आणि वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले आणि ते १९७५ साली मराठी रंगभूमीवर आले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीने आपल्या विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांसाठी नियमपुस्तिका काढली. तिच्यात ‘डॅम’ आणि ‘ब्लडी’ यांनाही मज्जाव होता. आज हे दोन्ही शब्द पुष्कळसे बोथट झाले आहेत आणि वंशावरून हिणविणारे शब्द सर्वांत निषिद्ध ठरले आहेत. म्हणजे शब्दांचे वजन कायमचे नसते. ते काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलते. ऑस्ट्रेलियात मित्रामित्रांत सहज चालणारा शब्द दुसरीकडे मैत्री तोडू शकतो.

आणि या वजनाचाच अंदाज परभाषिकाला नीट येत नाही. कॅथरिन हॅरिस, आयशे आयचिचेई आणि जीन बर्को ग्लीसन या संशोधिकांनी तुर्की मातृभाषा असलेल्या व पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांवर एक प्रयोग करून तो २००३ साली प्रसिद्ध केला. भावनेच्या आवेगात त्वचेतून वीज किंचित अधिक सहजतेने वाहते. तिचे मापन बोटांवर करता येते. निषिद्ध शब्द आणि लहानपणी वडीलधाऱ्यांनी दटावताना वापरलेली वाक्ये मातृभाषेत ऐकविली, तेव्हा हा आवेग अधिक दिसला. इंग्रजीत ऐकविली, तेव्हा कमी. याचा अर्थ उघड आहे. आईच्या तोंडचे ‘थोबाड बंद कर’ आयुष्यभर बोचते. ‘शट अप’ मात्र कागदी वाटते. म्हणूनच चित्रपटातून उचललेली इंग्रजी शिवी मराठी तरुण बेधडक फेकतो. त्याच्या हाताला ती हलकी लागते. पण जिची ती मातृभाषा आहे, तिला ती पूर्ण वजनाने लागते.

मग परभाषेत रागवूच नये काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला राग व्यक्त करता येत नाही, त्याला तक्रारही करता येत नाही. आणि मुकाट्याने सोसणाऱ्याचा हक्क बहुधा बुडतो. इंग्रजीत ठाम राग व्यक्त करण्याचा सुरक्षित मार्ग साध्या वाक्यांचा आहे. काय घडले ते तारखेनिशी सांगावे. ‘आय ॲम अँग्री अबाउट धिस’ असे म्हणून राग गोष्टीवर ठेवावा. काय व्हायला हवे आणि केव्हापर्यंत, ते स्पष्ट मागावे. माणसावरचा राग सांगताना ‘अँग्री विथ’, गोष्टीवरचा सांगताना ‘अँग्री अबाउट’, एवढा भेद सांभाळला तरी अर्धे काम होते. ‘यू ऑल्वेज’ आणि ‘यू नेव्हर’ या दोन सुरुवाती टाळाव्यात. त्यांनी समोरचा माणूस मूळ मुद्दा सोडून स्वतःचा बचाव करू लागतो. आणि ज्या शब्दाचे वजन आपल्या काळजाला जाणवत नाही, तो शब्द दुसऱ्यावर टाकू नये. वजन न करता माल देणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही; शब्दांच्या व्यवहारालाही हाच नियम लागू आहे.